चार एकर रान, साग उभा आहे: आधी तोड की आधी घर?

ऐनवाला: कोकणात संगमेश्वराकडे असतो तसा उताराचा चार एकरांचा तुकडा धरा. वर साग, खाली ऐन-किंजळाची झाडं, मध्ये कातळाचा टप्पा. माझं मत, साग एकरकमी काढावा आणि त्या पैशात टप्प्यावर चिऱ्याचं घर नि पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधाव्यात. साग मरत नाही. जमिनीलगत तिरपा, साफ काप घेतला की खोडाला फुटवे येतात. पुढे त्यातला सरळ, जोमदार तेवढा एक राखायचा.

पागोळी: पण घर त्याच सागाच्या खाली येणार ना? वरचा उतार एका हंगामात उघडा केलात तर पहिल्याच पावसाळ्यात माती जोत्याला टेकेल. उताराला आडवे पट्टे पाडा, एक पट्टा तोडा, मधला ठेवा, फुटवे मोठे झाले की उरलेला. घराच्या वर उताराला आडवा, किंचित ढाळ दिलेला चर खणा आणि त्याचं तोंड पऱ्यात, म्हणजे ओढ्यात सोडा. सागाखालचं झुडूपही साफ करू नका, मोठ्या पानांवरून पडणारा जड थेंब उघडी माती उखडतो.

फेरफार: कुऱ्हाडीआधी सातबारा बघा, दोघंही! इतर हक्कात किंवा जुन्या फेरफारात 'खाजगी वन' वा (भारतीय वन कायद्याचं) 'कलम ३५' असेल तर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचा, म्हणजे जमीन सरकारजमा ठरण्याचा प्रश्न उभा राहतो. त्या कलमाची नुसती नोटीस काढली म्हणून जमीन वन होत नाही, ती मालकाला बजावलेली हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं. पण नोंद उडेपर्यंत बांधकाम अडकतंच. आणि साग, ऐन, किंजळ तिन्ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. मालकीचं झाड असलं तरी तोडीला परवानगी लागते, माल हलवायला वाहतूक परवाना वेगळा.

ऐनवाला: कागद आधी, मान्य. पण पट्ट्यापट्ट्याने तोडलं तर प्रत्येक खेपेला परवानगी, मजुरी, गाडी. व्यापारी थोड्या मालाला भाव पाडतो.

पागोळी: भाव उक्त्या, म्हणजे न मोजता केलेल्या सौद्यात जास्त घसरतो. उभ्या झाडावर बोली करू नका, ओंडका मोजून द्या. घेराचा चौथा भाग गुणिले तोच, गुणिले लांबी. चार फूट घेर, दहा फूट लांबी म्हणजे १० घनफूट. प्रत्यक्षात लाकूड पावणेतेराच्या आसपास असतं, म्हणजे मापातच व्यापाऱ्याला सवलत आहे. घेर सालीसकट की साल काढून, हे आधी लिहून घ्या.

ऐनवाला: मापाचं पटलं. तरी खोल्यांचा खर्च पहिल्या पट्ट्यातून निघणार नाही, म्हणून मी निदान अर्धा साग एकदम काढा असंच म्हणेन.

पागोळी: मग तो अर्धा घराच्या डाव्या-उजव्या अंगाचा घ्या, थेट डोक्यावरचा नको.