अंपायर्स कॉलवरून सुरू झालं, आयसीसीच्या बोर्डावर गेलं

ए-३०२: परत अंपायर्स कॉल!!! रिव्ह्यूत बॉल स्टंपला अर्धवट लागताना दिसला तर म्हणे मैदानावरच्या अंपायरचाच निकाल कायम! बॉल स्टंपला लागतोय हे अख्ख्या जगाला दिसतंय आणि निकाल काय तर नॉट आउट. आयसीसीचा अध्यक्ष आता आपला आहे ना? जय शहांनी एक फोन फिरवला तर उद्या हा नियम गायब होईल 😡

सी-१०१: काका, तासाभरापूर्वी याच अंपायर्स कॉलवर आपला बॅट्समन वाचला तेव्हा तुम्ही टाळ्यांचे सहा इमोजी टाकले होते

ए-३०२: तो विषय वेगळा

बी-५०४: काका, फोनवर नियम जात नाहीत हो. क्रिकेटचे मूळ कायदे तर आयसीसीकडे नाहीतच, ते १७८८ पासून एमसीसीकडे, म्हणजे लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरच्या एका क्लबकडे आहेत. डीआरएस, म्हणजे अंपायरच्या निकालावर रिव्ह्यू मागायची सोय, हा आयसीसीच्या सामना-नियमांचा भाग. त्यात काही बदलायचं तर आधी क्रिकेट कमिटी शिफारस करते, मग ती देशोदेशीच्या बोर्डांच्या सीईओंच्या समितीपुढे जाते. सॉफ्ट सिग्नल, म्हणजे थर्ड अंपायरकडे जाण्याआधी मैदानावरचा अंपायर द्यायचा तो अंदाजी निकाल, २०२३ मध्ये असाच गेला.

ए-३०२: मग त्या कमिटीवर आपलं कुणी नाही का?

बी-५०४: आहे की. सॉफ्ट सिग्नल गेला तेव्हा प्रमुख गांगुली होता, त्याआधी कुंबळे. आणि अंपायर्स कॉल राहू द्या असं २०२१ मध्ये कुंबळेच्याच कमिटीने सांगितलं.

सी-१०१: 😂😂

ए-३०२: स्वतः आयुष्यभर एलबीडब्ल्यूसाठी ओरडला आणि…

सेक्रेटरी: सर्वांना विनंती. हा ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. बी विंगची लिफ्ट उद्या १० ते १२ बंद राहील.

डी-२०३: ओके सर. पण ताई, मग बोर्डात नक्की असतं कोण? मला वाटायचं सगळे देश मिळून मतदान करतात.

बी-५०४: नाही गं. सदस्य देश शंभराच्या वर आहेत, पण बोर्डावर बसतात मोजके. कसोटी खेळणारे पूर्ण सदस्य १२, त्या प्रत्येकाचा एक संचालक. बाकीचे सगळे सहयोगी सदस्य, त्या सगळ्यांचे मिळून तीन. एक जागा स्वतंत्र महिला संचालकाची. २०१८ मध्ये ही जागा पहिल्यांदा भरली ती इंद्रा नूयींनी. वर अध्यक्ष. सीईओ बैठकीला असतो, पण त्याला मत नाही.

डी-२०३: १२ जणांना १२ आणि उरलेल्या नव्वदेक जणांना ३??

सी-१०१: फुटबॉलमध्ये असं नाही. फिफाच्या काँग्रेसमध्ये २११ सदस्य, प्रत्येकाला एक मत. ब्राझीललाही एक आणि एखाद्या चिमुकल्या बेटालाही एकच.

ए-७०१: आणि म्हणून फिफा फार स्वच्छ, असं म्हणायचंय का तुला? बेटांची मतं गोळा करत किती जण खुर्चीवर बसले ते आम्ही पाहिलंय.

सी-१०१: नाही आजोबा, तसं नाही म्हणत. फक्त रचना सांगितली.

ए-७०१: रचनेचंच बोलायचं तर मुळापासून ऐका. १९०९ मध्ये ही संस्था निघाली तेव्हा नाव होतं इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स. सभासद तीन: इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका. आपण १९२६ मध्ये आत आलो. १९८९ पर्यंत एमसीसीचा जो अध्यक्ष, तोच आपोआप आयसीसीचा. निवडणूक वगैरे प्रकारच नव्हता. वर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाला नकाराधिकार, तो गेला १९९३ मध्ये. ९६ चा वर्ल्ड कप आपल्याकडे आला तोही त्याच वर्षी, लॉर्ड्सवरच्या एका वादळी बैठकीत. इंग्लंडने धरूनच ठेवलं होतं की आता पाळी आमची. आपण, पाकिस्तान आणि श्रीलंकेने सहयोगी देशांना त्यांच्यापेक्षा जास्त पैसे देऊ केले आणि मतं फिरली. त्या दिवसापासून गोऱ्यांना कळलं की मोजणी बदलली.

बी-५०४: आजोबा, हे भारी आहे. आज ज्यांना तीनच मतं आहेत त्यांनीच तेव्हा तराजू झुकवला.

ए-३०२: तेच तर म्हणतोय मी. आता पैसा आपला, अध्यक्ष आपला. अडतंय कुठे?

बी-५०४: काका, पैसा आणि अध्यक्ष या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. २०१७ आठवा. अध्यक्ष कोण होते?

ए-३०२: शशांक मनोहर. आपले नागपूरचे.

बी-५०४: बरोबर. २०१४ मध्ये भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाने मिळून आयसीसीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा स्वतःकडे ओढून घेतला होता. एप्रिल २०१७ मध्ये, मनोहर अध्यक्ष असताना, तो मोडून नवी वाटणी मताला आली. बीसीसीआय हरली, १३ विरुद्ध १. तो एक आपलाच.

सी-१०१: अरे बापरे. इंग्लंड-ऑस्ट्रेलियापण विरोधात?

बी-५०४: तेरा झाले कसे मग! बीसीसीआयच्या वाट्याला तेव्हा आठ वर्षांचे २९.३ कोटी डॉलर आले. दोन महिन्यांनी घासाघीस करून ते ४०.५ कोटींवर नेले. आता पुढचं बघा. जुलै २०२३ मध्ये डर्बनच्या बैठकीत नवं सूत्र मंजूर झालं. त्यात बीसीसीआयचा वाटा साधारण ३८.५ टक्के, दुसऱ्या नंबरच्या इंग्लंडचा सात टक्क्यांहून कमी. तेव्हा अध्यक्ष कोण? ग्रेग बार्कले, न्यूझीलंडचे.

सी-१०१: म्हणजे आपला माणूस होता तेव्हा हरलो आणि परका होता तेव्हा जिंकलो 🤯

ए-३०२: मनोहरांनी मुद्दाम केलं ते. आपल्याच बोर्डाच्या विरोधात!

बी-५०४: करावंच लागतं. अध्यक्षाला स्वतःच्या देशाच्या बोर्डात पद ठेवता येत नाही. मनोहरांनी २०१६ मध्ये बीसीसीआयचं अध्यक्षपद सोडलं, शहांनीही १ डिसेंबर २०२४ ला इकडे येताना तिकडचं सचिवपद सोडलं. देशाचं मत देणारा संचालक निराळा असतो.

ए-७०१: कागदावर. सचिवपद सोडलं म्हणून ओळखीपाळखी सुटतात होय?

बी-५०४: ते मान्य आहे आजोबा. पण पैसा वळला तो प्रसारणाच्या हक्कांमुळे. सगळ्यात मोठी बोली आपल्या बाजारातून येते हे बाकीच्या अकराही जणांना माहीत आहे. भारत दौऱ्यावर आला की त्यांचं वर्ष निघतं. दौऱ्यांचं वेळापत्रक देशादेशांत आपापसांत ठरतं, आणि तिथे कोण कुणाला नाराज करणार? खुर्चीवर कोण आहे हे मला तरी त्यानंतरचं वाटतं.

सी-१०१: खुर्चीवरून आठवलं. २०१५ ची फायनल, मेलबर्न. प्रेसिडेंट बांगलादेशचे मुस्तफा कमाल आणि चेअरमन श्रीनिवासन. कप श्रीनिवासननी दिला. कमाल म्हणाले माझा मान डावलला, आणि दोन-तीन दिवसांत राजीनामा.

डी-२०३: दोन अध्यक्ष?!

बी-५०४: २०१४ मध्ये सगळे अधिकार चेअरमनकडे नेले आणि प्रेसिडेंटला नुसता मान उरला. पुढे ते पदच काढून टाकलं.

ए-७०१: जॉन हॉवर्डलाही विसरू नका. ऑस्ट्रेलियाचा माजी पंतप्रधान. २०१० मध्ये उपाध्यक्षपदासाठी नाव सुचवलं, आणि दहापैकी सहा बोर्डांनी नाही म्हटलं. पंतप्रधान असेल, इथे अर्ज फेटाळला.

डी-२०३: मला एक विचारायचंय. अफगाणिस्तान पूर्ण सदस्य आहे ना? तालिबान आल्यापासून तिथे महिलांचा संघच नाही. तो असायला हवा, हा नियम नाही का?

बी-५०४: आहे. २०१७ मध्ये आयर्लंडसोबत त्यांना घेतलं तेव्हाही होता. सरकारी हस्तक्षेपावरून याच बोर्डाने २०१९ मध्ये झिम्बाब्वेला आणि २०२३ मध्ये श्रीलंकेला निलंबित केलं होतं. अफगाणिस्तानला नाही. देश सोडलेल्या खेळाडू मुलींसाठी २०२५ मध्ये मदतीची योजना जाहीर झाली, पण बोर्डातली जागा आणि मत तसंच आहे.

डी-२०३: मग त्या मुलींच्या बाजूने मत कोण देतं?

ए-३०२: बोर्डात स्वतंत्र महिला संचालकाची जागा आहे की

डी-२०३: एकच ना काका.

सेक्रेटरी: मी मघाशी ग्रुप कशासाठी आहे ते लिहिलं, पण एक शंका आहे. अध्यक्ष निवडायला मतं किती लागतात? आपल्याकडे साधं बहुमत आहे म्हणून विचारतो.

बी-५०४: 😄 २०२० मध्ये दोन-तृतीयांश लागायची, १६ पैकी ११. बार्कलेंना पहिल्या फेरीत मिळाली नाहीत, दुसऱ्या फेरीत जेमतेम ११ झाली. पुढे साधं बहुमत केलं. शहांच्या वेळी तर दुसरा अर्जच आला नाही, बिनविरोध.

सेक्रेटरी: बिनविरोध सोपं पडतं.

ए-३०२: ते सगळं ठीक. अंपायर्स कॉलसाठी पत्र कुणाला लिहायचं, गांगुलीला की लॉर्ड्सला?

बी-५०४: गांगुलीला, काका. कमिटी अजून त्याच्याकडेच आहे.