इस्तंबूल: तुम्हाला काय आठवतं?

काल गेटवेहून मांडव्याला निघालो आणि बोट धक्का सोडते न सोडते तोच कुरव मागे लागले. लोक गाठ्या उडवत होते. शेजारी बसलेली आई एकदम म्हणाली, "तिकडे सिमिट टाकायचे, नाही का रे?" सिमिट म्हणजे तिथला तीळ लावलेला गोल पाव.

२०१८ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं इस्तंबूलला गेलो होतो. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आया सोफिया, तोपकापी, ग्रँड बाजार अशी भली मोठी यादी मी नेली होती. आईचे गुडघे दुसऱ्याच दिवशी बोलायला लागले. मग एमिनोन्यूच्या धक्क्यावरून कादिकॉयची बोट पकडली, नुसतं बसायला मिळावं म्हणून. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात. आजूबाजूला सगळी कामावर निघालेली माणसं. चहावाला ताट घेऊन फिरतो. कमरेत बारीक असलेला काचेचा पेला, कान नाही, बशीत साखरेच्या दोन वड्या. चहा कोरा आणि कडक. पेला इतका तापलेला की आईने पदराचं टोक भोवती गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी धरून बसली. मागे सुलतानअहमत मशिदीचे सहा मिनार लहान लहान होत गेले. आणि बाबांबद्दल वर्षभर एक शब्द न काढलेली आई बोलायला लागली.

कादिकॉयला उतरलो, पुन्हा कार्ड टेकवलं, परत आलो. पुढचे चारही दिवस तेच केलं. ते शहर पाण्यावरूनच बघावं असं मला वाटतं.

कोण कोण जाऊन आलंय? लिहा ना.

———

पदराचं वाचून डोळे भरून आले. कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते.

———

आम्ही नेमके १० नोव्हेंबरला गलाता पुलावर होतो. सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी भोंगे वाजले आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या, माणसं दार उघडून बाहेर येऊन उभी राहिली. खाली बोटींचे भोंगे. आधी घाबरलोच, मग कळलं. १९३८ साली याच दिवशी, याच वेळी आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क डोल्माबाहचे राजवाड्यात वारले. पुलाच्या कठड्याला गळ टाकून बसणारे लोक तुम्ही पाहिले असतीलच, तेही सगळे ताठ उभे. एका काकांच्या काठीचं टोक सारखं हलत होतं, मासा लागला होता. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

———

शाकाहारी लोकांचं काय होतं तिकडे? मे महिन्यात सासूबाईंना घेऊन जायचंय. कांदा-लसूण चालतं, अंडं नाही.

———

मर्जिमेक चोर्बा मागा. मसुरीच्या डाळीचं सूप, वर लिंबू पिळून. आमच्या घरी त्याला तुर्की आमटीच म्हणतात. फक्त मटणाच्या पाण्यात केलंय का ते आधी विचारून घ्या. चोर्बा म्हणजे आपला शोरबाच.

———

आणि आयरान! खारट ताक. ओर्ताकॉयला गेलात तर कुंपिर खा, भाजलेला मोठा बटाटा फोडून आत लोणी-चीज घोटतात, वर मका, ऑलिव्ह वगैरे हवं ते. थेपले न्याच तरी.

———

शब्दांवरून आठवलं. दुकान, साबण, मैदान, शहर, हवा, दुनिया, सगळं तिकडेही जवळपास तसंच. डोल्माबाहचेतला बाहचे म्हणजे बगीचा, डोल्मा म्हणजे भरलेला. पूर्वी तिथे खाडी होती, ती बुजवून बाग केली. आपल्या मुंबईत भराव घातला तशीच ही भरावाची बाग. बोटीला वापुर म्हणतात, वाफेवरून आलेला शब्द. आमची आजी आगबोट म्हणायची, त्यामुळे हा शब्द फार आपला वाटला.

———

जमिनीखालच्या टाक्याबद्दल अजून कोणीच कसं नाही लिहिलं? सहाव्या शतकातलं, ३३६ खांब, लांबून आणलेलं पाणी साठवायला बांधलेलं. गडावरची टाकी बघत वाढलेल्या माणसाने तर बघावंच. वरून टपटप थेंब पडतात. मागच्या कोपऱ्यात दोन खांबांखाली मेडूसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांच्या केसांच्या बाईची, मुंडकी आहेत, एक आडवं आणि एक उलटं. माझा मुलगा सहा वर्षांचा. तिचं तोंड नीट दिसावं म्हणून तो पायांमधून डोकं घालून बघायला लागला. मागच्या पाच-सहा अनोळखी लोकांनीही वाकून माना उलट्या केल्या. भाषा कोणाचीच जुळत नव्हती, सगळे हसत होते.

———

एक सावधगिरी. बूटपॉलिशवाला पुढे चालताना ब्रश पाडतो. आपण उचलून हाक मारली की आभार म्हणून बूट पुसायला घेतो आणि नंतर भरमसाट पैसे मागतो. माझ्या यजमानांच्या बाबतीत झालं. चार दिवस मन खट्टू होतं त्यांचं, पैशांपेक्षा मदतीचं असं झालं म्हणून.

———

मी बांधकामातला माणूस, मला मार्मारायचं कौतुक. बॉस्फरसच्या, म्हणजे युरोप-आशियामधल्या सामुद्रधुनीच्या, तळाखालून रेल्वे, २०१३ मध्ये सुरू झाली. येनिकापीला स्टेशनसाठी खणलं तर जुनं बंदरच लागलं, ३७ जहाजं निघाली. काम वर्षानुवर्षं अडलं, पण जहाजं नीट बाहेर काढली. सिर्केजीहून उस्कुदार चार मिनिटांत येतं. मी जाताना भुयारातून गेलो आणि येताना बोटीने.

———

धागाकर्त्याने लिहिलंय तेच खरं हो, बोटच. बाकी काकूंचे गुडघे आता कसे आहेत? माझ्या आईचं ऑपरेशन ठरतंय, धीर होत नाहीये तिला.

———

ताई, आईचा उजवा गुडघा मागच्या वर्षी बदलला. तीन महिने जड गेले, काल मांडव्याच्या जेट्टीवर मात्र माझ्यापुढे चालत होती. तुमच्या आईंना बोलायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा, आई फोनवर बोलेल. आत्ता तिला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. गळवाल्या काकांचं दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "तो मासा मिळाला का रे त्यांना?"

———

मिळाला! चांगला वीतभर होता. भोंगे थांबल्यावर ओढला आणि प्लास्टिकच्या बादलीत टाकला. काकूंना सांगा.