लहान मुलं घेऊन पुण्यात राहायला येताना घर कुठे घेतलंत? अनुभव लिहा

आम्हाला जूनच्या आत नागपूरहून पुण्याला यायचंय. मोठी साडेपाच वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा. नवऱ्याचं ऑफिस हिंजवडी फेज ३ मध्ये, माझं खराडीला. दोन टोकं, आणि मधे अख्खं शहर. नातेवाईक म्हणतात कोथरूड, ऑफिसातले म्हणतात वाकड, आणि एजंट रोज वाघोलीच्या फ्लॅटचे फोटो पाठवतोय. भाडं किती, डिपॉझिट किती हे कुठेही कळतं. मला विचारायचंय ते असं, की तुम्ही ऑफिसात असता तेव्हा मुलं कुठे असतात, पाणी कुठून येतं, रात्री ताप चढला तर कुठे धावता? ज्यांना घर बदलावं लागलं त्यांनी तर नक्की लिहा.

वाकड

आम्ही २०२२ साली औरंगाबादहून आलो तेव्हा लेक तीन वर्षांची होती. दोघांचीही ऑफिसं हिंजवडीत, म्हणून फार विचार न करता वाकडला नव्या टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं. ऑफिस सात किलोमीटर. सकाळी साडेसातला निघालं तर वीस मिनिटं, आणि संध्याकाळी सहाला पाऊस असला तर दीड तास. हे पहिल्याच पावसाळ्यात कळलं.

पाळणाघर मी सगळ्यात शेवटी शोधलं. तिथेच चुकलं. त्यातल्या त्यात चांगलं मिळालं ते घरापासून अडीच किलोमीटरवर, पिंपळे निलखच्या बाजूला, आणि सातला बंद होणारं. जुलैत एका गुरुवारी भूमकर चौकात गाड्या जागच्या हलेनात. मी पोचले तेव्हा पावणेआठ झाले होते. शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि पायरीवर मावशी लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या. तिच्या पायात बूट, पाठीवर दप्तर, मुठीत बिस्किटाचा ओला झालेला तुकडा. रडत नव्हती. "आई, मी कधीच बूट घातले," एवढंच म्हणाली. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांना स्वतःच्या घरी जायला उशीर झाला होता तरी.

दोन महिन्यांत घर बदललं. आता चार मजल्यांची जुनी इमारत आहे, लिफ्ट नाही, क्लब हाऊस नाही, पण पाळणाघर शेजारच्या गल्लीत. आम्हाला उशीर झाला तर समोरच्या काकू जाऊन लेकीला घेऊन येतात, मावशी त्यांना ओळखतात. ऑफिस थोडं लांब पडलं, त्याचं काही वाटत नाही.

तुम्हाला अगदी मनापासून सांगते, हिंजवडी आणि खराडीच्या मधोमध घर शोधू नका. तसं केलंत तर दोघंही रोज अडकणार आणि मुलांना वेळेवर आणायला कुणीच पोचणार नाही. मुलांना आणणार कोण ते आधी ठरवा आणि त्याच्या ऑफिसच्या बाजूला राहा. एकाला लांबचा प्रवास पडेल, पडू दे.

आणि हो, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. सोसायटीची टाकी केवढी ते विचारून घ्या.

वाघोली

वरच्या ताईंनी पाण्याचं काढलंय म्हणून लिहितो. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, त्या वेळी एकदम २३ गावं आली. "आता कॉर्पोरेशनचं पाणी येणार" ऐकूनच आम्ही घर घेतलं. आमच्या सोसायटीत आजही टँकर लागतो. उन्हाळ्यात पहाटे पाचला टँकरची मोटर सुरू होते, तेव्हा आमचं सहा महिन्यांचं बाळ दचकून उठायचं. आंघोळीच्या पाण्याने त्याच्या मानेवर, गुडघ्यामागे चट्टे उठले. डॉक्टरांनी पाणी बदलून बघा म्हटल्यावर दोन महिने त्याची आंघोळ प्यायच्या जारच्या पाण्याने केली.

फ्लॅट बघायला गेलात की मे महिन्याचं मेंटेनन्सचं बिल मागा. पावसाळ्यातलं दाखवतील, ते नको, मे महिन्याचंच. टँकरचा खर्च त्यात वेगळा लिहिलेला असतो.

चांगलंही सांगायला हवं. आमच्या आवारात संध्याकाळी तीस-चाळीस मुलं खेळतात, बीडची, पाटण्याची, कोईमतूरची. मोठा मुलगा आल्यावर बुजला होता, पंधरा दिवसांत लगोरीच्या टीममध्ये. तुमच्या लेकीला हे वाघोलीत नक्की मिळेल, आणि खराडीही जवळ आहे.

किरकटवाडी

सासू-सासरे धायरीत आणि खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पाण्याची चिंता आमच्या मनातही आली नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या किरकटवाडीत, शेजारच्या नांदेड गावात, धायरीत जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले. गीयां-बारे सिंड्रोम हे नाव तोवर ऐकलंही नव्हतं. आपलीच प्रतिकारशक्ती उलटते, नसांवर हल्ला करते आणि हातापायातलं बळ जातं. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू मिळाला, तो दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातो. आमचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. रोज सकाळी उठला की त्याला "दारापर्यंत पळून दाखव" म्हणायचे, पाय नीट चालतायत ना ते बघायला. त्याला तो खेळ वाटायचा, पळून झालं की टाळ्या वाजवायचा.

आमच्या घरात कुणाला काही झालं नाही. घर सोडलं नाही, कारण आजी-आजोबा जवळ असणं आमच्यासाठी फार मोलाचं आहे. पाणी आजही उकळून, गाळून घेतो, पाहुण्यांनाही तेच. तुम्ही कुठेही घर घ्या, पाणी विहिरीचं, बोअरचं, टँकरचं की नळाचं, आणि त्यात क्लोरीन कोण आणि कधी टाकतं, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला स्वतः विचारा.

तळेगाव दाभाडे

थोडक्यात लिहितो. हवा उत्तम, भाडं परवडणारं, लोणावळा लोकलने पुणे गाठता येतं. मी हिंजवडीला गाडीने जातो. एका रात्री दोन वाजता धाकट्याला तापात झटका आला. आमच्या डॉक्टरांचा फोन लागेना, घाबरून सरळ चिंचवडची वाट धरली. बायको मागे त्याला कुशीवर धरून बसली होती, मी गाडी चालवताना सारखं "श्वास चालू आहे ना?" विचारत होतो. मुलगा बरा आहे. नंतर कळलं की रात्रीची सोय तळेगावातच होती. सामान लावायच्या आधी हे शोधून ठेवा, एकदा दिवसा जाऊनही या.

बावधन

मी शाळेत शिकवते, म्हणून फक्त शाळेचं लिहिते. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा लेकीची जन्मतारीख आधी बघा. पुण्यात बऱ्याच खासगी शाळांचे प्रवेश आदल्या हिवाळ्यातच होऊन जातात. घर आधी ठरवून मग शाळा शोधलीत तर दूरची शाळा आणि बस पदरी पडते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, बसच्या पहिल्याच थांब्यावर चढते, सहा वीसला. पहिल्या तासाला ती बाकावर डोकं टेकून झोपते आणि मी तिला उठवत नाही. शाळेत चौकशी कराल तेव्हा आपल्या भागात बस किती वाजता येते आणि परत किती वाजता सोडते, हे दोन्ही विचारा. शाळेपासून अंतर सांगतात, पण बस गावभर फिरून जाते.

कोथरूड

आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाळ कडेवर आणि भाजीची पिशवी हातात असं चढताना पहिलं वर्ष कठीण गेलं. पण डॉक्टर, बाग, मराठी शाळा, वाणी, सगळं पायी. वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रो आहे, तिथून खराडीला रिक्षा किंवा बस मिळते. मी दोन वर्षं तशीच जाते, घरापासून ऑफिसपर्यंत सव्वा तास धरते, पण तो रोज तेवढाच असतो. पाळणाघरात वेळ सांगता येते आणि पाळताही येते. हिंजवडीला जाणाऱ्याला मात्र इथून त्रास आहे, ते लपवत नाही.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला डिसेंबरात सहा पूर्ण होतात, म्हणजे पहिली. काल रात्री बसून ठरवलं की मुलांना मी आणणार. आता खराडीच्या बाजूला किंवा वनाझजवळ, एवढंच बघतोय. पुढच्या रविवारी सकाळी यायचं म्हणतोय.

वाकड

रविवारी सकाळी नका येऊ हो, तेव्हा सगळेच रस्ते मोकळे असतात. एक दिवस रजा काढा, मंगळवारी या. संध्याकाळी सहाला तुमच्या ऑफिसच्या दारातून निघा, जे पाळणाघर मनात आहे तिथपर्यंत जा आणि किती वाजता पोचलात ते इथे लिहा. धाकट्याला बरोबर आणा, मावशी त्याला कशा घेतात ते दिसेल.