गरम कामासाठी जुना फ्लायप्रेस: बारीक आट्यांचा घ्यावा की तिरक्या आट्यांचा?

अंगणातली_भट्टी (इंदूर)
नमस्कार मंडळी. घरामागे कोळशाची छोटी भट्टी आणि ऐरण आहे. आतापर्यंत गेटाची नक्षी, खुंट्या, कड्या असलं काम करत होते. आता हातोड्या आणि कुऱ्हाडी करायला घेतल्यात. नेढं (दांड्याचं भोक) पाडताना घण मारायला दुसरा माणूस लागतो आणि तो फक्त रविवारी मिळतो. पॉवर हॅमर लावता येणार नाही, शेजाऱ्यांची भिंत चिकटून आहे. म्हणून फ्लायप्रेस, म्हणजे जड गोळे लावलेलं हँडल फिरवून जाड स्क्रूने ठोका मारायचं हाताचं यंत्र.

दोन बघून आले. एक लोहामंडीत, भंगाराच्या भावाने, किलोवर. दुसरा सांवेर रोडला एका बंद शेडमध्ये, किंमत जवळजवळ दुप्पट. अंगाने दोन्ही सारखेच. फरक आट्यांचा: पहिल्याचे बारीक, जवळजवळ, दुसऱ्याचे रुंद आणि चांगलेच तिरके. भंगारवाला म्हणतो, बारीक आट्याला जोर जास्त. खरं आहे का? कोणता घेऊ?

खरादी_काका (देवास)
ताई, नुसतं बघून आट्यांचं काही कळत नाही. मोजून या. दोन मापं घ्या. एक, शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, ते पिच. दुसरं, हँडलला खडूची खूण करून बरोबर एक फेरा फिरवा आणि रॅम (स्क्रूखाली वर-खाली होणारा ठोकळा) किती मिमी खाली आला ते बघा, ते लीड. लीडला पिचने भागलं की स्क्रू किती स्टार्टचा, म्हणजे त्यावर किती वेगळे आटे शेजारी शेजारी गुंडाळलेत, ते कळतं. फ्लायप्रेसला दोन, तीन, क्वचित चार स्टार्टही असतात. तुमच्या कामाला लीड महत्त्वाचं, पिच नव्हे. स्क्रूचा व्यासही लिहून आणा.

नट_ढिला (बडोदा)
मी तर म्हणतो स्वस्तातला घ्या. भंगारवाला खोटं बोलत नाहीये. बारीक लीडवर हाताने जास्त दाब येतो, साधं गणित आहे. पट्ट्या वाकवायला, बुश बसवायला माझा बारीकवालाच कामी येतो.

अंगणातली_भट्टी
मोजून आले. लोहामंडीवाला: दोन आट्यांत 10 मिमी, एका फेऱ्यात रॅम 20 मिमी खाली, स्क्रू साधारण 50 मिमी. सांवेर रोडवाला: दोन आट्यांत 20, एका फेऱ्यात 60, स्क्रू 60 मिमी. म्हणजे पहिला डबल स्टार्ट, दुसरा थ्री स्टार्ट, बरोबर ना?

खरादी_काका
बरोबर. आता नट_ढिला भाऊंचं आधी घेतो, कारण त्यांचं अर्धं खरं आहे. अर्ध्या मीटरच्या हँडलवर 30 किलोचा जोर लावून नुसतं दाबलं, तर घर्षण वजा जाऊन 20 च्या लीडवर सुमारे अडीच टन मिळतील आणि 60 च्या लीडवर टनभर. थंड पट्टी हळूहळू वाकवायची तर बारीक आटे चांगलेच.

पण गरम लोखंडाला आपण दाबत नाही, ठोका मारतो. ठोक्यात हाताचा जोर नव्हे, फिरणाऱ्या गोळ्यांत साठलेली ताकद काम करते, आणि ती आट्यांनी वाढत नाही. ती वाढते वजनाने, वेगाने आणि गोळा मध्यापासून किती लांब आहे त्याने. त्याच वेगाने फिरवत गोळा दुप्पट लांब नेला तर ताकद चौपट. आटे ठरवतात ती कशी पोचायची ते. हँडल सारख्याच वेगाने फिरवलं तर 60 च्या लीडवर रॅम तिप्पट वेगाने उतरतो. 20 वर पंच लोखंडाला तिप्पट वेळ चिकटून राहतो, लोखंड थंड होतं आणि पंच तापून मऊ पडतो. नेढं पाडताना हेच नको असतं.

शिवाय बारीक आट्यांत घर्षणात जास्त जातं. तेल दिलेल्या स्क्रूचा घर्षणांक 0.12 धरला, तर तुमच्या पहिल्या स्क्रूत ताकदीतली जेमतेम अर्धी खाली पोचते, दुसऱ्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास.

नट_ढिला
हे मान्य. माझ्याकडे भट्टी नाही, त्यामुळे तिकडून विचारच केला नव्हता. पण 60 च्या लीडला एका झटक्यात रॅम किती खाली येणार? उंच पंच लावला तर जागा पुरेल का?

खरादी_काका
पाऊण फेऱ्यात 45 मिमी. भरपूर झाले. उलट 20 वर तेवढंच उतरायला सव्वादोन फेरे लागतात, म्हणजे हँडलमागे गोल चालत फिरायचं, आणि दुसऱ्या हातात सांडशी! एकट्याने काम करणाऱ्याला ते जमायचं नाही.

कोळसा_कमी (ग्वाल्हेर)
एक मुद्दा सुटला. ठोका मारल्यावर रॅम आपोआप उसळून वर येतो का, तेही लीडवरच आहे. आट्याचा उतार घर्षणाच्या कोनापेक्षा जास्त हवा, आणि तो कोन तेलात 6 ते 8 अंश धरतात. ताईंच्या पहिल्या स्क्रूचा उतार येतो 8 अंश, अगदी काठावर. तेल आहे तोवर सुटेल, कोरडा पडला की खाली अडकेल, आणि पंच गरम लोखंडात रुतलेला असताना अडकला तर डोक्याला हात लावून बसाल. दुसऱ्याचा उतार 20 अंशांच्या वर आहे. ब्रेक किंवा रॅम अडवणारी कॉलर नसेल तर तो स्वतःच्या वजनाने खाली घरंगळेल, म्हणून डाय बदलताना रॅमखाली लाकडाचा ठोकळा ठेवत जा.

अंगणातली_भट्टी
मग सांवेर रोडवालाच. घेण्याआधी काय तपासू?

खरादी_काका
रॅमखाली पहार घालून वर उचला. खडखड करत हलला तर स्क्रू ज्यात फिरतो तो नट झिजलाय. गनमेटलचा नवा नट आणि त्यात थ्री स्टार्टचे चौकोनी आटे पाडून देणारा खरादी आजकाल शोधावा लागतो, तेव्हा त्याचे पैसे किमतीतून कापून घ्या. मग फ्रेमच्या सी आकाराचा आतला कोपरा रॉकेलने पुसा आणि वर खडू चोळा. तडा असेल तर थोड्या वेळाने ओली रेघ उमटते. तडा गेलेलं बीड वेल्ड केलंय असं कोणी सांगितलं तर सरळ परत या. आणि डायवर डाय रिकामा कधी आपटू नका, सगळी ताकद फ्रेमवर जाते, ते तडे असेच पडतात.

कोळसा_कमी
स्टँड जमिनीत बोल्टने पक्का करा. ठोक्यासरशी अख्खं धूड फिरायला बघतं. आणि हँडलच्या घेराएवढी पिवळी रेघ जमिनीवर मारून घ्या, घरात पोरं असतील तर आधी तेच.

अंगणातली_भट्टी
शनिवारी रॉकेल आणि पहार घेऊन जाते. काका, नट खडखडला तर किती भाव पाडू?

खरादी_काका
आधी नटाचा फोटो टाका, मग सांगतो.