मदत हवी आहे: ओरलँडोचं डिस्ने वर्ल्ड, सोबत वय वर्षं ४ ते ७४ – आधीपासून नेमकं किती ठरवून ठेवायचं?

अबोली_२ | ७ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

काल गणपती गेले आणि आज सकाळी घर रिकामं वाटत असताना हा धागा लिहायला बसलेय.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासू-सासरे जुलैत तासगावहून आलेत, डिसेंबरअखेर परत जातील. त्याआधी सगळ्यांनी मिळून एक मोठी सहल करायची म्हणून ओरलँडोचं डिस्ने वर्ल्ड ठरलं. २ डिसेंबरला पोचायचं, ७ ला परत. विमानाची तिकिटं झाली आहेत, बाकी काहीही झालेलं नाही. आम्ही दोघं, मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ४ ची, सासरे ७४ आणि सासूबाई ६९. सासूबाईंचे गुडघे धरतात, सलग पंधरा मिनिटांच्या वर उभं राहवत नाही. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

प्रश्न असा की अशा सहलीचं आधीपासून किती ठरवायचं? नवऱ्याच्या सहकाऱ्याने त्यांच्या सहलीची एक्सेल शीट पाठवली आहे, त्यात सकाळी पावणेसातपासून रात्री दहापर्यंत दर पंधरा मिनिटांचा हिशोब आहे. शेजारची मैत्रीण म्हणते, काही ठरवू नका, जा आणि फिरा, मुलांना कशातही मजा येते. दोघांच्याही सहली चांगल्या झाल्या म्हणे.

मला भीती कशाची वाटते ते सांगते. दोन वर्षांपूर्वी माझे आई-बाबा आले होते, तेव्हा एका मोठ्या थीम पार्कला गेलो होतो (हे नव्हे, दुसरं). त्या वेळी मी सगळं फोनमध्ये तासातासाने मांडून ठेवलं होतं. दुपारी तीनला आई एका कठड्यावर टेकली आणि मी तिला म्हणत होते, "आई, दहा मिनिटंच राहिलीत गं, चल ना." ती उठली, चालली, काही बोलली नाही. घरी आल्यावर फोटो बघताना दिसलं: आम्ही सगळे हसतोय आणि आईच्या हातात तिचे बूट आहेत. दोन्ही टाचांना फोड आले होते. तो फोटो मी अजून कुणाला पाठवलेला नाही.

त्यामुळे या वेळी काहीच ठरवू नये असं एक मन म्हणतं. पण नुसतं गेलो आणि दीड-दोन तासांच्या रांगा निघाल्या तर सासूबाई बाकावर आणि मुलं रडकुंडीला, हेही डोळ्यांसमोर येतं. शिवाय नेटवर वाचावं तर रांगा टाळायला एक जण फास्टपास घ्या म्हणतो, दुसरा जीनी प्लस, तिसरा म्हणतो पार्कचं वेगळं आरक्षण करावंच लागतं. यातलं आज खरं काय? राहायचं डिस्नेच्या हॉटेलात की बाहेर, इथपासून अडले आहे. जे जाऊन आलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आजी-आजोबांना घेऊन गेलेल्यांनी तर नक्कीच.

वाटाड्या | ७ सप्टेंबर २०२५

अबोली, आम्ही टॅम्पाला राहतो, तीन-चार वेळा जाणं झालंय. आधी जुन्या माहितीचा निकाल लावू. फास्टपास २०२१ मध्येच बंद झाला. त्याजागी आलेला जीनी प्लसही जुलै २०२४ मध्ये गेला. आता आहे ते लायटनिंग लेन, म्हणजे राइडची लांब रांग टाळायची वेगळी वाट, आणि ते पैसे देऊन. तारीखवार तिकीट असेल तर जानेवारी २०२४ पासून पार्कचं वेगळं आरक्षण लागत नाही. विमानतळावरून हॉटेलला नेणारी फुकट बसही २०२२ पासून नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा कुणाचाही लेख आला तर सरळ बाजूला ठेवा.

आता किती ठरवायचं. माझं मत असं: जी गोष्ट आधी घेतली नाही तर तिथे जाऊन मिळतच नाही, तेवढीच आधी घ्यायची. अशा गोष्टी फार नाहीत. कोणत्या दिवशी कोणतं पार्क, हे पहिलं. पार्क्स चार आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. पाच दिवसांत चारही करायचा हट्ट धरू नका. तीन दिवसांचं तिकीट पाच दिवसांत कधीही वापरता येतं, म्हणजे मध्ये एक दिवस सहज मोकळा राहतो. दोन्ही मुलं ३ ते ९ वयात बसतात, त्यांना मुलांचं तिकीट.

दुसरं, बसून जेवायची उपाहारगृहं. त्यांचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ६ वाजता (तुमच्याच वेळेने) उघडतं. डिस्नेच्या हॉटेलात राहिलात तर २ डिसेंबरच्या ६० दिवस आधी, म्हणजे ३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्या मुक्कामाचं एकदम करता येतं. बाहेर राहिलात तर प्रत्येक तारखेचं आपापल्या ६० व्या दिवशी.

तिसरं लायटनिंग लेन. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या ७ दिवस आधी, बाहेरच्यांना त्या त्या दिवसाच्या ३ दिवस आधी, सकाळी ७ वाजता. त्यातल्या मल्टी पासमध्ये सुरुवातीला तीन राइड्सच्या वेळा निवडायच्या; पार्कात शिरल्यावर एक वापरली की पुढची घेता येते. काही अगदी मागणीच्या राइड्सना वेगळा सिंगल पास लागतो. सहाही जणांनी घ्यायची सक्ती नाही. जो राइडला बसणार त्यालाच घ्या, आजी-आजोबांचे पैसे वाचतील.

बस. याच्यापुढे पंधरा मिनिटांची शीट कशाला?

एक सांगायचं राहिलं. तुमच्या तारखा चांगल्या आहेत. थँक्सगिव्हिंगची गर्दी ओसरलेली असते आणि नाताळची सुरू व्हायची असते. फक्त मॅजिक किंगडममध्ये या दिवसांत काही रात्री ख्रिसमस पार्टी असते, तिचं तिकीट वेगळं. त्या दिवशी साध्या तिकिटावर संध्याकाळी ६ नंतर थांबता येत नाही, रात्रीची आतषबाजी हुकते. पण तेवढ्यामुळेच दिवसा गर्दी कमी असते. पार्टीच्या तारखा बघून मगच तो दिवस ठरवा.

शेवंती | ८ सप्टेंबर २०२५

राहण्याबद्दल मी लिहिते. आम्हीही सहा जण होतो, डिस्नेजवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघर असलेलं अख्खं घर भाड्याने घेतलं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात आणि पार्किंगचे पैसेही लागत नाहीत, हा फायदा खरा आहे. पण रात्री नऊला दमून आल्यावर कुकर लावून वरणभात, वर तूप आणि लिंबू, हे सासऱ्यांच्या तोंडावर जे समाधान आणतं ते कुठल्या हॉटेलात नाही मिळत. तुमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही, म्हणजे मी तर घरच घेईन.

पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची बाटली आणि दारू नको, आणि गरम करून मागायची गोष्ट नको. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळपोळ्या नेल्या होत्या. पिशवी तपासणाऱ्या बाईंनी डबा उघडून बघितला आणि हसून परत दिला. पाणी विकत घेऊ नका. शीतपेयं देणाऱ्या खिडकीवर मागितलं की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात.

एक जेवण मात्र बाहेर घ्याच. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये 'साना' म्हणून आहे, तिथे नानसारख्या रोट्या आणि बऱ्याच चटण्यांचं ताट येतं, खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. हॉटेलात राहत नसलात तरी आरक्षण करून जाता येतं. अंड्याचं ऑर्डर देताना स्पष्ट विचारा, समजावून सांगतात.

उंबरठा | ८ सप्टेंबर २०२५

ताई, वरचे प्रतिसाद उत्तम आहेत. मला वेगळंच दिसलं म्हणून लिहितो. ४ डिसेंबरला दत्तजयंती आहे, आणि वारही गुरुवार आहे, मार्गशीर्षातला. तुमच्या सासरची मंडळी तासगावची, म्हणजे औदुंबर आणि नृसिंहवाडी जवळच. सासूबाईंचं त्या दिवशी काही असतं का?

आणि तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये मुलांना काय हवं, गुडघ्यांना काय झेपेल, हे आहे. त्या दोघांना तिथे काय बघायचंय ते नाही. विचारलंत का?

अबोली_२ | ८ सप्टेंबर २०२५

उंबरठा, नाही विचारलं. तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ नुसती बसले होते. आज जेवताना विचारते.

वाटाड्या आणि शेवंती, किती नीट लिहिलंत. मनापासून आभार.

गारवा | ९ सप्टेंबर २०२५

माझ्या वडिलांना घेऊन गेलो होतो, त्यांनाही गुडघ्यांचाच त्रास. व्हीलचेअर पार्कात भाड्याने मिळते, ती पहिल्या मिनिटापासून घ्या. आई म्हणतील "मी चालते, मला काय झालंय", तरी घ्या. एपकॉटमध्ये तळ्याभोवती ११ देशांची दालनं आहेत, तो फेराच साधारण दोन किलोमीटर भरतो. मात्र व्हीलचेअर आहे म्हणून रांग चुकत नाही, बहुतेक रांगा चाक जाईल एवढ्या रुंद आहेत आणि खुर्ची रांगेतूनच जाते. पण बसून रांगेत जाणं आणि उभं राहून जाणं यात किती फरक आहे हे तुम्हाला सांगायला नको.

मॅजिक किंगडमला गाडीने जाणार असाल तर लक्षात घ्या, पार्किंग पार्कच्या दाराशी नाही. गाडी लावायची, मग तळ्यापलीकडे फेरी बोटीने नाहीतर मोनोरेलने जायचं. गाडी लावल्यापासून आत शिरेपर्यंत पाऊण तास सहज जातो. बोटीने जा. किल्ला समोरून हळूहळू जवळ येतो, वडील त्या कठड्याला धरून उभे होते, ते अजून सांगतात.

मॅजिक किंगडमच्या टुमॉरोलँड भागातली पीपलमूव्हर ही संथ गाडी आजींसाठी फार छान. रांग लवकर सरकते, वारा लागतो, सगळं वरून दिसतं. सफारी करायची तर अ‍ॅनिमल किंगडम उघडल्या उघडल्या, तेव्हा प्राणी हालचाल करतात.

लहानगीची उंची मोजून ठेवा. ३८, ४०, ४४ इंच अशा अटी आहेत आणि दारातली माणसं अर्ध्या इंचाचीही सूट देत नाहीत. ती बसू शकत नसेल तिथे रायडर स्विच मागा: एक पालक मोठ्याबरोबर बसतो, दुसरा धाकटीजवळ थांबतो, मग दुसऱ्याला पूर्ण रांग न लावता बसता येतं.

अबोली_२ | १० सप्टेंबर २०२५

काल जेवताना विचारलं.

आई (सासूबाई) आधी म्हणाल्या, "तुम्ही न्याल तिथे येऊ." मग मी दत्तजयंतीचं काढलं तर लगेच म्हणाल्या, "अगं हो, तेच मनात होतं, पण सगळ्यांचा दिवस कशाला मोडायचा म्हणून बोलले नाही." त्यांना त्या दिवशी उपास आहे आणि संध्याकाळी जन्मकाळाला पाळणा म्हणायचा आहे. त्यामुळे ४ तारीख सुट्टीची. किसिमीला घर घेतोय, स्वयंपाकघरासकट. पार्कं ३, ५ आणि ६ ला. सुंठवडा इथूनच करून नेणार आहोत. आई काल रात्रीच सुंठ आहे का म्हणून डबे बघत होत्या.

बाबा मात्र काही बोलेनात. त्यांची द्राक्षबाग आहे, यंदाची फळछाटणी धाकट्या दिरांवर सोपवून आलेत, रोज सकाळी फोनवर पावसाची चौकशी चाललेली असते. त्यांना राइड्समध्ये काय रस असणार, असं मीच ठरवून टाकलं होतं.

मुलीला दाराच्या चौकटीला उभं करून बूट घालून मोजलं. ३९ इंच. पेन्सिलची खूण केलीय. ४० च्या अटीच्या राइड्स तिला आत्ताच समजावून सांगतेय, दारात रडण्यापेक्षा घरी रडलेलं बरं. काल जरा रडली.

गारवा | १० सप्टेंबर २०२५

अबोली, बाबा द्राक्षबागायतदार आहेत हे आधी सांगायचं ना! एपकॉटमध्ये 'लिव्हिंग विथ द लँड' म्हणून बोटीची राइड आहे. पार्क सुरू झालं त्या १९८२ पासून ती वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. पंधरा मिनिटांच्या आतबाहेर. बोट संथ जाते आणि अर्ध्या वाटेनंतर खऱ्याखुऱ्या हरितगृहांत शिरते. मातीशिवाय वाढवलेली झाडं, हवेत लोंबणारी मुळं, टोमॅटो, भोपळे, मिरच्या, माशांच्या टाक्या. इथला माल तिथल्याच उपाहारगृहांत वापरतात. उंचीची अट नाही, धक्के नाहीत, सहाही जण एका बोटीत. 'काय काय आधी घ्यावं' अशा याद्यांत हिचं नाव फार वर नसतं, कारण बहुतेक वेळा रांगच फार नसते.

आणि त्याच हरितगृहांतून पायी फिरवणारी तासाभराची टूर आहे, 'बिहाइंड द सीड्स'. तिचे पैसे वेगळे आणि जागा मोजक्या, म्हणून ही मात्र आधी आरक्षित करा. पार्कचं तिकीट त्या दिवशी लागतंच.

वाटाड्या | १० सप्टेंबर २०२५

गारवा, +१. ही माझ्याही यादीत नव्हती.

अबोली, घर बाहेर घेताय तर तुमच्या तारखा अशा: ३ डिसेंबरच्या जेवणासाठी ४ ऑक्टोबर, ३ डिसेंबरच्या लायटनिंग लेनसाठी ३० नोव्हेंबर. पुढच्या दिवसांचं त्याच हिशोबाने. फोनमध्ये गजर लावा. मॅजिक किंगडममध्ये बिग थंडर माउंटन ही राइड जानेवारी २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाली आणि नदीतली मोठी चाकाची बोट जुलै २०२५ मध्ये कायमची बंद झाली. मुलाने जुने व्हिडिओ बघून ठेवले असतील तर आधी सांगा.

अबोली_२ | १२ सप्टेंबर २०२५

गारवा, काल मुलाने बाबांना त्या हरितगृहाचा व्हिडिओ दाखवला. बाबांनी चष्मा आणायला लावला. मग तीनदा थांबवून बघितला, शेवटी मुलाच्या हातातून फोनच घेतला.

टूर ५ तारखेची सकाळची घेतेय, बाबा, मुलगा आणि मी. आई आणि छोटी तेवढा वेळ नवऱ्याबरोबर मासे बघतील, ते मत्स्यालय शेजारच्याच इमारतीत आहे असं दिसतंय. बाकी दिवसाचं मी काही मांडलेलं नाही. दुपारी घरी येऊन झोपायचं, एवढं फक्त लिहिलंय.

बाबांना इंग्रजी कळतं, बोलायचा संकोच आहे. म्हणून त्यांचे प्रश्न मी आत्तापासून वहीत लिहून घेतेय, तिथे मी विचारीन. आज सकाळपर्यंत चार झालेत. पाण्याचा ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, किती ठेवतात. वाया जाणारं पाणी परत फिरवतात का. भुरी (बुरशीचा रोग) आली तर काय फवारतात, की फवारतच नाहीत. आणि द्राक्षं का नाही लावली.