बामणोलीच्या बोटीवर डिझेलचा काटा उलटा चालतो. मीटर बदलावे की टाकीतील सेंडर?

नमस्कार.

माझ्या चुलत्यांची बामणोलीला प्रवासी बोट आहे. शिवसागर जलाशयातून वासोट्याच्या पायथ्यापर्यंत गिर्यारोहकांची ने-आण करणे हा त्यांचा व्यवसाय असून, मी सातारा शहरात राहत असल्यामुळे सुट्या भागांची खरेदी आणि विजेची किरकोळ कामे ओघानेच माझ्याकडे येतात. पावसाळ्यात वासोट्याची वाट बंद असते, त्या काळातच बोटीची डागडुजी उरकावी लागते. बोट फायबरची, इंजिन डिझेलचे आणि बॅटरी १२ व्होल्टची आहे.

डॅशबोर्डवर डिझेलची पातळी, इंजिनचे तापमान आणि इंजिनचे फेरे दाखवणारी तीन मीटरे आहेत. त्यांपैकी डिझेलच्या मीटरच्या काचेआड ओल धरली आणि काटा जागीच चिकटला. नवीन मीटर घेताना मी एकच गोष्ट पाहिली, ती म्हणजे भोकाचा व्यास. जुने ५२ मिलिमीटरचे होते, नवीनही ५२ चे मिळाले, मागच्या पट्टीने घट्ट बसले आणि काम झाले असे मी समजून चाललो.

टाकी काठोकाठ भरली तेव्हा काटा पावच्या आसपास रेंगाळला, आणि डिझेल संपत आले तेव्हा तो पूर्ण टाकीच्या खुणेच्याही पलीकडे गेला. अर्ध्या टाकीला मात्र तो जवळजवळ अर्ध्यावरच उभा राहतो. मीटर बसवले त्या दिवशी टाकी नेमकी अर्धी असल्यामुळे ही गफलत माझ्या लक्षात आली नाही.

सुदैवाने चुलते काट्यावर विसंबतच नाहीत. ते टाकीच्या तोंडातून वेळूची काठी सरळ तळापर्यंत सोडतात. काठीवर कोयत्याने पाडलेल्या चार खाचा आहेत, आणि डिझेलची ओल खालून दुसऱ्या खाचेपर्यंत पोहोचली नाही तर डिझेल भरल्याशिवाय ते वासोट्याची फेरी घेत नाहीत. पण बोट कधी कधी माझा चुलतभाऊ चालवतो, आणि तो काट्यावर विश्वास ठेवणारा आहे.

सेंडर म्हणजे टाकीतील डिझेलच्या पातळीप्रमाणे विजेचा रोध बदलून ती मीटरला कळवणारा भाग. त्याची वायर मीटरपासून सोडवून मी मल्टीमीटरने रोध मोजला. भरलेल्या टाकीला १७८ ओम आले, जवळजवळ रिकाम्या टाकीला १४ ओम. नवीन मीटरच्या खोक्यावर ‘२४०–३३’ असे छापलेले आहे. जीप-ट्रॅक्टरच्या कामात हात बसलेल्या एका वायरमनना बोट दाखवली. ते बराच वेळ बॉडीचे अर्थिंग, म्हणजे ऋण जोड, शोधत राहिले, आणि शेवटी मीटरमागच्या दोन वायरींची अदलाबदल करून पाहू म्हणाले. ते मी होऊ दिले नाही.

आता मीटर बदलावे की सेंडर, हा माझा मुख्य प्रश्न आहे. उरलेली दोन मीटरेही जुनी झाली असल्यामुळे ती बदलताना कोणती जुळवाजुळव पाहावी, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद १

आपण वायरींची अदलाबदल होऊ दिली नाही, हे फार चांगले केले. सेंडरच्या वायरीवर चुकून थेट १२ व्होल्ट गेले तर सेंडरमधील रोधाची तार जळते, आणि ती तार इंधनाच्या टाकीत असते.

दोष कोणत्याच वस्तूत नाही. दोन वेगळ्या पद्धतींच्या वस्तू एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. अमेरिकी पद्धतीत रिकाम्या टाकीला २४० ओम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओम असतात. युरोपीय पद्धतीत रिकाम्याला सुमारे १० आणि भरलेल्याला सुमारे १८०, म्हणजे दिशाच उलटी. आपला सेंडर युरोपीय आहे, मीटर अमेरिकी. दोन्ही पद्धतींत मधला आकडा शंभराच्या आसपास येत असल्यामुळे अर्ध्या टाकीला मीटर खरे बोलते आणि दोन्ही टोकांना खोटे.

माझ्या मते मीटर बदलावे. सेंडर व्यवस्थित चालतो आहे. तो काढायचा म्हणजे टाकी उघडणे, गॅस्केट नवीन घेणे आणि दांड्याची लांबी टाकीच्या खोलीशी जुळवणे आले. शिवाय पाच स्क्रूंच्या प्रचलित फ्लँजमधील, म्हणजे सेंडर टाकीवर बसवणाऱ्या चकतीतील, भोके मुद्दाम असमान अंतरावर असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो आणि नवीन सेंडरची भोके जुन्या टाकीशी जुळतीलच असे नाही. दुकानदाराकडे ‘१०–१८० ओम’ असे स्पष्ट सांगून मीटर मागा. नुसते ‘बोटीचे मीटर’ म्हणू नका.

मीटर विकत घेण्यापूर्वी दुकानातच १२ व्होल्ट जोडून एक चाचणी करता येते. सेंडरचे टोक मोकळे ठेवल्यावर काटा पूर्ण टाकीकडे आणि ते टोक ऋण तारेला टेकवल्यावर रिकाम्याकडे गेला, तर ते आपल्या कामाचे आहे. २४०–३३ च्या मीटरमध्ये नेमके उलटे घडते.

वायरमनना बॉडीचे अर्थिंग सापडले नाही, कारण फायबरच्या बोटीला ते नसतेच. जीपची पत्र्याची बॉडी ऋण तारेचे काम करते. बोटीत मात्र सेंडरच्या फ्लँजपासून बॅटरीच्या ऋण पट्टीपर्यंत स्वतंत्र तार ओढावी लागते. ती कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्यावी. पाणी गोडे असले तरी बामणोलीच्या पावसात उघडे तांबे हिरवे पडायला वेळ लागत नाही, आणि गंजलेल्या जोडाचा रोध सेंडरच्या रोधात मिसळून काटा पुन्हा खोटे बोलू लागतो.

तापमानाच्या मीटरलाही हाच नियम लागू आहे, मात्र तिथे सेंडर मीटरबरोबरच घेणे सोपे. त्याचे आटे इंजिनच्या भोकाशी जुळतात का, ते आधी पाहावे. एक अष्टमांश इंचाचे निमुळते आटे आणि मेट्रिक आटे वरवर सारखे वाटले तरी जबरदस्तीने फिरवल्यास इंजिनचे आटे मरतात. एकाच टोकाच्या सेंडरला अर्थिंग आट्यांमधूनच मिळत असल्यामुळे त्यावर टेफ्लॉन टेपचे वेढे चढवू नयेत.

फेऱ्यांचे मीटर अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) ‘डब्ल्यू’ टोकावरून, म्हणजे फेऱ्यांची स्पंदने देणाऱ्या टोकावरून, चालत असेल, तर मीटरमागची निवडीची कळ आपल्या अल्टरनेटरप्रमाणे लावावी लागेल. अल्टरनेटरला १२ चुंबकीय ध्रुव, म्हणजे सहा जोड्या असतील आणि त्याची पुली इंजिनच्या पुलीच्या निम्म्या व्यासाची असेल, तर इंजिनच्या एका फेऱ्याला १२ स्पंदने मिळतात.

प्रतिसाद २

एवढी यातायात करण्यापेक्षा एनएमईए २००० चा, म्हणजे बोटीतील उपकरणे एकाच केबलवर जोडणाऱ्या पद्धतीचा, एकच डिजिटल पडदा का बसवत नाही?

प्रतिसाद १ यांचे उत्तर

जुने यांत्रिक डिझेल इंजिन स्वतःहून कोणतीही माहिती पाठवत नाही. त्याच सेंडरना आधी रूपांतरक जोडावा लागेल, मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओमचे टर्मिनेटर (टोकाचे रोध) लागतील, आणि रूपांतरकाला सेंडरची पद्धत सांगावीच लागेल. तीन काट्यांसाठी हा खर्च मला पटत नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. दुकानदाराने मीटर बदलून दिले. ‘१०–१८०’ म्हटल्यावर त्यांनीही न विचारता दुसरे खोके काढले. सेंडरच्या फ्लँजपासून बॅटरीपर्यंत नवीन तार ओढली. जुनी तार एका स्क्रूखाली नुसती दाबलेली होती आणि तिचे टोक बोटांत चुरले गेले.

भरलेल्या टाकीला काटा आता पूर्णवर थांबतो. काठीच्या दुसऱ्या खाचेला तो निम्म्यावर येईल अशी माझी अपेक्षा होती, कारण खाचा समान अंतरावर आहेत, आणि तो बरोबर तिथेच आला. यावर चुलते म्हणाले की टाकी तळाशी निमुळती आहे, त्यामुळे निम्मी उंची म्हणजे निम्मे डिझेल नव्हे, आणि हे मीटरला ठाऊक नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे. चुलतभावासाठी मी काचेवर अर्ध्याच्या खुणेपाशी लाल ठिपका दिला असून, त्याच्या खाली काटा असताना वासोट्याची फेरी घ्यायची नाही असे ठरले आहे.

फेऱ्यांचे मीटर अजून बसवलेले नाही. अल्टरनेटरवर ‘डब्ल्यू’ टोक आहे, पण ध्रुवांची संख्या पट्टीवर लिहिलेली नाही. ती अल्टरनेटर न उघडता कळण्याचा काही मार्ग असल्यास कृपया सांगावे.