टिक फीवर होऊन गेलेल्या कुत्र्याला इंग्लंडला नेताना काय बघायचं?

मोतीचीआई:
नमस्कार, नवऱ्याची बदली रीडिंगला झालीये, जूनमध्ये निघायचंय आणि आमचा मोती (देशी, 6 वर्षांचा) बरोबर येणारच, त्याला इथे ठेवायचा प्रश्नच नाही. मायक्रोचिप झाली, रेबीजची लस झाली, लसीनंतर 30 दिवसांनी रक्त लॅबला गेलं, टायटर (रेबीजविरुद्धच्या अँटीबॉडीचं प्रमाण) 0.5 च्या वर आला, आता तीन महिन्यांची वाट बघणं चालूय. म्हणजे कागदांचं कळलंय. भीती वेगळीच आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला एहर्लिकिया (गोचिडाच्या चाव्यातून होणारा टिक फीवर) झाला होता, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) 28 हजारांपर्यंत उतरलेल्या, नाकातून रक्त, ती रात्र मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन काढली. 28 दिवस डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन, अँटिबायोटिक) दिल्यावर उभा राहिला. आता एजंट म्हणतो टिक फीवरची टेस्ट कुणी मागतच नाही, सोडून द्या. मला नाही पटत. तिकडे परत उलटलं तर तिथल्या डॉक्टरांना सुचेल का? आणि त्याच्यामुळे दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याला काही झालं तर?

लेस्टरकर:
ताई, एजंटचं अजिबात ऐकू नका. आमच्या राणीला, आमच्या कुत्रीला, ठाण्याहून इकडे इंग्लंडात आणलं, चार-पाच महिने छान होती मग हळूहळू खाणं कमी, वजन उतरलं, पोटावर लाल ठिपके. इथल्या डॉक्टरांनी प्लेटलेट बघितल्या आणि शरीरच स्वतःच्या प्लेटलेट मारतंय असं धरून स्टेरॉइड सुरू केले. एहर्लिकिया त्यांना रोज दिसत नाही हो. आम्हीही तिला ठाण्यात झालेल्या टिक फीवरबद्दल बोललो नव्हतो, बरा झाला म्हणजे संपला असंच वाटायचं. शेवटी बायकोने जुनी फाइल काढून समोर ठेवली तेव्हा रक्त तपासलं, आणि तेच निघालं. राणी आहे अजून, पण ते तीन आठवडे आठवले की आजही पोटात गोळा येतो. पहिल्याच भेटीत सांगा, भारतातून आणलाय आणि टिक फीवर झालेला.

नाशिकचा_पशुवैद्य:
मोतीची आई, तुमची शंका अगदी रास्त आहे. एहर्लिकिया काही कुत्र्यांत महिनोन्महिने, कधी वर्षंही गप्प बसतो, बाहेरून कुत्रा ठणठणीत. निघायच्या आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि पीसीआर (रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) करून घ्या. नुसती अँटीबॉडी किट पुरेशी नाही कारण उपचारानंतरही ती बरेच महिने पॉझिटिव्ह येत राहते, आणि पीसीआर निगेटिव्ह आला तरी शंभर टक्के खात्री धरू नका, तिकडे गेल्यावर प्लेटलेट परत बघा. त्याच रक्तात बॅबेसिया गिब्सोनी (लाल पेशींत शिरणारा परजीवी) पण तपासायला सांगा, आपल्याकडे तो बराच सापडतो, औषधानेही पुरता जाईलच असं नाही आणि कुत्र्यांच्या मारामारीत चावण्यातूनही पसरू शकतो.
दुसऱ्यांच्या कुत्र्यांचं म्हणाल तर एहर्लिकिया चाटण्या-खेळण्यातून लागत नाही, मधे गोचीड लागतो. आपला तपकिरी गोचीड तिकडच्या थंडीत बाहेर तग धरत नाही, पण हीटिंग असलेल्या घरात भिंतीच्या फटीत मजेत राहतो आणि एक मादी हजारांवर अंडी घालते. म्हणून मोतीची जुनी गादी, पांघरूण बरोबर नेऊ नका, कितीही लाडकी असली तरी. गोचिडांची गोळी निघायच्या आधी द्या. तिकडे जाताना टेपवर्मचं (पोटातल्या पट्टकृमीचं) औषध पोचण्याच्या 24 ते 120 तास आधी देणं सक्तीचं आहे, गोचिडांचं मात्र 2012 पासून सक्तीचं नाही, म्हणून ते आपणच बघायचं. एसेक्समधल्या हार्लो गावात 2015-16 च्या हिवाळ्यात कधी देशाबाहेर न गेलेल्या कुत्र्यांना बॅबेसिया झाला होता, वेगळी जात, वेगळा गोचीड, पण बाहेरून आलेला रोग तिथल्या गोचिडांत शिरला की काय होतं ते त्यातून दिसलं.

लेस्टरकर:
अजून एक, परदेशातून आलेल्या कुत्र्याचं रक्त इथल्या पेट ब्लड बँकेत (पाळीव प्राण्यांच्या रक्तपेढीत) घेत नाहीत, याच भीतीने. आणि इथेही गोचीड आहेतच, हरणं असलेल्या रिचमंड पार्कसारख्या ठिकाणी फिरवून आणलं की कान, काखा, बोटांच्या मधे बघायचं, त्या गोचिडांतून लाइम (जंतूंमुळे होणारा आजार) होतो.

मोतीचीआई:
डॉक्टर, दादा, खूप आभार. रक्त गुरुवारी देतोय, बॅबेसियाचंही सांगितलंय. जुने रिपोर्ट मराठी-इंग्रजी मिसळ आहेत, त्यावर इथल्या डॉक्टरांकडून औषध, डोस, तारखा असं एक पान लिहून घेते. गादीचं ऐकून जीव थोडा खालीवर झाला, बाबांनी शिवलेली आहे ती. पण इथेच राहील, आईकडे.